छोट्या गॅलरीत काम ठेवायचंय? आधी यादी, मग करार, चित्र सगळ्यात शेवटी

चित्र काखोटीला मारून गॅलरीत जायचं नाही. एवढं पाळलं तरी निम्मे घोळ टळतात, पण नेमकं तेच पाळलं जात नाही. कुणी डोंबिवलीहून कॅनव्हासची गुंडाळी घेऊन येतं, कुणी धारावीच्या कुंभारवाड्यातून खोकंभर वाडगे. गॅलरीवाल्या बाई म्हणतात, "छान आहे, ठेवून जा." आणि माणूस खरंच ठेवून जातो. पावती नाही, किंमत नाही, तारीख नाही. काही महिन्यांनी फोन येतो, "माझी पाच होती ना?" आणि माळ्यावर चारच सापडतात.

मी अशाच एका छोट्या गॅलरीची आवक-जावक वही सांभाळते, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. पुढचा क्रम चित्रकार, शिल्पकार, कुंभारकाम, विणकाम, वारली करणारे अशा सगळ्यांसाठी आहे. यातली पायरी गाळली की ती पुढे भांडण होऊन समोर येते.

१. ही गॅलरी नेमकी कशी चालते ते आधी पाहा

मुंबईत "गॅलरी" म्हणून तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली, भाड्याचं दालन. काळा घोड्याची जहांगीर, वरळीचं नेहरू सेंटर, प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे अकादमीचं कलादालन ही या प्रकारातली. तुम्ही पैसे भरता, चित्रं टांगता, आठवडाभर बसता, विकता आणि उतरवून नेता. दालन तुमचं प्रतिनिधित्व करत नाही. जहांगीरच्या तारखेसाठी काही वर्षं थांबावं लागतं, तेव्हा तो अर्ज बाजूला भरून ठेवा. पण तो वेगळा रस्ता आहे.

दुसरी, कन्साइनमेंटवर काम ठेवणारी. मालकी तुमची, भिंत त्यांची. विकलं गेलं तर कमिशन, नाही तर काम परत. हा लेख या प्रकाराबद्दल आहे.

तिसरी, दोन्हीकडून घेणारी. समूह प्रदर्शनासाठी "सहभाग शुल्क" आणि विक्रीवर वर कमिशन. तुमच्या पैशावर भाडं निघत असेल तर चित्र विकायची घाई त्यांना का असावी? नमस्कार करून निघा.

गॅलरी मनात भरली की आधी गिऱ्हाईक म्हणून जा. एखाद्या कामाची किंमत विचारा. कलाकाराचं नाव आणि माध्यम न अडखळता सांगतात का? हस्तकलेच्या फळीवर करणाऱ्याचं नाव आहे, की नुसतं "वारली ट्रे"? भिंतीच्या खालच्या भागाला ओल आली आहे का? फोर्टातल्या जुन्या इमारतींत हे पाहावंच लागतं. आणि तुमच्या कामाची किंमत तिथल्या किमतींत बसते का, तेही. दोन हजारांच्या वस्तूंमध्ये साठ हजारांचं एकच चित्र टांगलं तर लोक पाहतात आणि पुढे जातात.

२. दहा-बारा कामं निवडा, पण एका जातकुळीची

तीन निसर्गचित्रं, दोन गणपती, एक अमूर्त आणि आईचं पोर्ट्रेट, असा संच बहुतेक जण आणतात. यातलं एकेक काम चांगलं असू शकतं, पण गॅलरीला माणूस दिसत नाही. एक विषय किंवा एक माध्यम धरा आणि गेल्या दोनेक वर्षांतलंच काम घ्या. विकलेलं काम संचात ठेवू नका. गिऱ्हाइकाला तेच आवडतं आणि सगळ्यांची पंचाईत होते.

हस्तकलावाल्यांनी आणखी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं: असेच महिन्याला किती होतील? भट्टी वाटून घेत असाल तर तुमची पाळी कधी येते, ते धरून आकडा सांगा. "हवे तेवढे देऊ" हे उत्तर ऐकलं की आम्ही मनातल्या मनात निम्मे धरतो.

३. फोटो, मापं, यादी

फोटो सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, काच लावण्याआधी. एक पूर्ण चित्राचा, एक पोताचा जवळून, एक कडेचा किंवा मागचा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा फोटो दाबला जातो आणि छापायच्या लायकीचा राहत नाही.

मापात आधी उंची, मग रुंदी. २४ × ३६ म्हणजे आडवं चित्र, ३६ × २४ म्हणजे उभं. उलटं लिहिल्यामुळे फ्रेमवाल्याकडून भलतीच फ्रेम आल्याचं मी पाहिलं आहे. चित्राचं माप वेगळं, फ्रेमसकट माप वेगळं, दोन्ही द्या.

यादीत प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक द्या, आणि तोच फोटोच्या नावात, चित्राच्या मागे, चलनावर (कामासोबत जाणाऱ्या पोचपावतीवर) आणि करारात येऊ द्या. पुढे शीर्षक, माध्यम, माप, वर्ष, किंमत. प्रिंट असेल तर एडिशन किती प्रतींची आणि ही कितवी. "शीर्षकहीन" अशी सहा चित्रं असतील तर "शीर्षकहीन ३" तरी लिहा.

मागची नोंद पेन्सिलीने स्ट्रेचरवर, म्हणजे कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीवर करा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्करने लिहिलेलं कालांतराने पुढे उमटू शकतं. किंमत मागे कधीच लिहू नका.

*तपासा: यादी शेजारच्या माणसाला द्या आणि फक्त तिच्यावरून चौथं चित्र ओळखायला सांगा. चुकला तर यादी कच्ची आहे.*

४. किंमत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबूया.

छोट्या गॅलऱ्यांचं कमिशन साधारण ३० ते ५० टक्के असतं. ते विक्रीच्या किमतीतून कापलं जातं, तुमच्या खर्चावर चढवलं जात नाही. समजा एका वाडग्याला माती, ग्लेझ आणि भट्टीचा वाटा मिळून १८० रुपये, मजुरी ३०० आणि तडकलेल्या मालाचे ५० असे ५३० रुपये पडले. कमिशन ४० टक्के. बहुतेक जण ५३० वर ४० टक्के चढवून ७४२ रुपये किंमत लावतात. त्यातून ४० टक्के गेले की हातात ४४५. म्हणजे प्रत्येक वाडग्यामागे ८५ रुपये खिशातून. बरोबर हिशेब असा: ५३० भागिले ०.६, म्हणजे ८८३. इथे फक्त खर्च निघतो. नफा हवा असेल तर फळीवरची किंमत ११०० च्या आसपास जाते. ती जड वाटत असेल तर ती वस्तू गॅलरीची नाही, तिला प्रदर्शन-मेळ्यात विका.

चित्रांना आपल्याकडे चौरस इंचाचा दर लावायची पद्धत आहे. सोपी आहे, पण मोठ्या चित्रावर फसते. २५ रुपये दराने १२ × १२ चं चित्र ३,६०० ला आणि ४८ × ६० चं ७२,००० ला जातं, वीसपट. नव्या कलाकाराचं लहान चित्र फुकटात जातं आणि मोठं भिंतीवरून हलत नाही. त्यापेक्षा उंची अधिक रुंदी करून त्याला दर लावा. इंचाला ३५० धरले तर तीच दोन चित्रं ८,४०० आणि ३७,८०० ला बसतात. दर तुमचा तुम्ही ठरवा, पण एकच ठेवा. "हे करताना फार त्रास झाला" म्हणून एका चित्राची किंमत दुप्पट करायची नाही. गिऱ्हाइकाला त्रास दिसत नाही, माप दिसतं.

फ्रेमचा खर्च वेगळा धरा आणि किंमत फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, ते यादीत लिहा.

*सावध: गॅलरीत ३०,००० आणि इन्स्टाग्रामवर "ओळखीतल्यांसाठी" १८,००० असं केलंत तर गॅलरीशी संबंध संपला म्हणून समजा. गिऱ्हाईक फोन हातात धरूनच भिंतीसमोर उभं असतं.*

५. संपर्क

मेल करा, आगाऊ न कळवता जाऊ नका. मेलमध्ये पाच-सहा ओळी, एक पीडीएफ, यादी. "लहानपणापासून चित्रकलेची आवड" हे वाक्य काढून टाका. काय करता, कशाने करता, हे कुठे दाखवलंय, बस्स. जे. जे. कला महाविद्यालयात शिकला असाल तर एका ओळीत सांगा. नसाल तर त्याबद्दल दिलगिरी नको.

वेळ महत्त्वाची. जानेवारी-फेब्रुवारीत मुंबई गॅलरी वीकेंड आणि काळा घोडा महोत्सवाच्या धांदलीत तुमची मेल कुणी उघडणार नाही. जून ते ऑगस्ट गॅलऱ्या मंद असतात, पुढच्या हंगामाची आखणी तेव्हाच होते. हस्तकलेला दिवाळी गाठायची असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बोलणं व्हायला हवं. दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. रोज "मॅडम बघितलं का?" पाठवू नका.

भेटीला बोलावलं तर दोन लहान मूळ कामं न्या आणि परत आणा. "राहू दे इथेच, बघते" म्हटलं तरी हसून परत आणा, कारण पुढची पायरी अजून व्हायची आहे.

६. करार

छोट्या गॅलरीत दोन पानं पुरतात, वकिली मराठी नको. करार स्टॅम्प पेपरवर करायचा असेल तर लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरचा नाही, पाचशेचा लागतो. पण कागदावर हे सगळं आलं पाहिजे:

मालकी. पूर्ण पैसे मिळेपर्यंत काम कलाकाराचं. गॅलरी बंद पडली, जागा बदलली, मालक बदलला, तरीही.

कमिशन आणि सूट. गिऱ्हाईक सूट मागणारच. १० टक्क्यांपर्यंतची सूट दोघांनी निम्मी-निम्मी सोसायची, त्यापुढे तुम्हाला फोन केल्याशिवाय द्यायची नाही, असं लिहून घ्या. हे नसलं तर सगळी सूट तुमच्या वाट्यातून जाते. मी ते होताना पाहिलंय, आणि कलाकाराकडे दाखवायला एक ओळ नव्हती.

पैसे कधी. "विक्रीनंतर" हे उत्तर नाही. गॅलरीला पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत, बँक खात्यात, कोणतं काम किती किमतीला गेलं त्या तपशिलासह.

मुदत. सहा महिने किंवा वर्ष. मुदत संपली की परत नेण्याची तारीख आणि परतीचं भाडं कुणाचं.

तोटा. फुटलं, फाटलं, भिजलं, हरवलं तर गॅलरी किती देणार? यादीतल्या किमतीतून कमिशन वजा जाता उरणारी रक्कम, हा वाजवी आकडा. विमा आहे का विचारा. छोट्या गॅलऱ्यांत बहुधा नसतो. निदान जबाबदारी तरी लिहिलेली असावी.

एकाधिकार. "तुमचं सगळं काम फक्त आमच्याकडून" यावर लगेच सही नको. कोणत्या शहरापुरतं, कोणत्या मालिकेपुरतं, किती काळ? मुंबईपुरतं आणि दिलेल्या मालिकेपुरतं द्यायला हरकत नाही. घरून होणाऱ्या विक्रीवर ते किती घेणार, तेही इथेच ठरवा.

फोटोंचा वापर. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडेच राहतो. जाहिरात आणि कॅटलॉगसाठी परवानगी द्या. कॉफीचे मग, पिशव्या, कॅलेंडरसाठी वेगळं बोला. या परवानगीची मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून लिहा.

शेवटचं, गिऱ्हाइकाचं नाव. गॅलऱ्या द्यायला नाखूश असतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. तुम्ही परस्पर विकाल ही भीती असते. पण त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र, रेखाटन किंवा शिल्प पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला त्यात वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त १० टक्के. काम कुणाकडे गेलं हेच माहीत नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो. तोडगा असा: नाव मिळेल, त्या माणसाला ठरावीक काळ परस्पर विकणार नाही, हे दोन्ही लिहा.

वारलीसारख्या कामात आणखी एक गोष्ट असते. डहाणू-जव्हारकडून येणाऱ्या बऱ्याच कापडांवर घरातल्या दोघा-तिघांचा हात असतो. नावं कुणाकुणाची, पैसे कुणाच्या खात्यात, हे घरात ठरवून मगच सही करा.

*तपासा: यादी कराराला जोडली आहे का? दोन्ही प्रतींच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आहेत का?*

७. चलन आणि जीएसटी

"गॅलरीत पाठवलं म्हणजे लगेच कर लागला" असा गैरसमज आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या २१ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने (क्रमांक २२/२२/२०१७) हा प्रश्न सोडवला आहे: कलाकाराने गॅलरीकडे काम पाठवणं ही विक्री नाही, गिऱ्हाइकाने काम निवडलं की तेव्हा कर. तोपर्यंत काम डिलिव्हरी चलनावर जातं, आणि लागू असेल तिथे सोबत ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद). पसंतीवर पाठवलेल्या मालाला सहा महिन्यांची मर्यादा असते, म्हणून जीएसटी नोंदणी असलेल्यांनी त्याआधी चलनाचा आढावा घ्यावा.

हाताने काढलेल्या चित्रांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के दर आहे. जुना दर धरून किमती छापल्या असतील तर बदला. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. बाहेरच्या राज्यात किंवा ऑनलाइन विकत असाल तर सीएला विचारा, मित्राला नाही.

नोंदणी नसली तरी चलन कराच. दोन प्रती: तारीख, क्रमांक, नाव, किंमत, "विक्रीसाठी पाठवले, मालकी कलाकाराची". एकीवर गॅलरीचा शिक्का आणि सही घेऊन घरी आणायची.

८. बांधणी आणि वाहतूक

ॲक्रिलिकचं चित्र थेट बबलरॅपमध्ये गुंडाळणं ही मुंबईतली सर्वांत महाग चूक. उन्हात तापलेल्या टेम्पोत ॲक्रिलिक मऊ पडतं, बबल दाबले जातात आणि उघडल्यावर चित्रभर गोल गोल ठसे. ते पुसून जात नाहीत. चित्राला आधी ग्लासिन (गुळगुळीत, पातळ) कागद लावा, मग बबलरॅप, आणि बबल बाहेरच्या बाजूला. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घाला. तैलचित्र वरून कोरडं वाटलं तरी आतून ओलं असतं. जाड थर असेल तर काही महिने थांबा.

गुंडाळायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर, जाड पाइपवर. लोक रंग जपायला म्हणून तो आत घेतात, आणि नेमका त्यामुळे तो दबतो, त्याला चिरा जातात. शेण-गेरूची जमीन असलेलं वारली कापड तर गुंडाळू नयेच. सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये न्या.

काचेवर कागदी टेप फुलीसारखी लावा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. मातीच्या वस्तू एकात एक ठेवू नका. खोकं हलवून पाहा, आवाज आला तर पुन्हा भरा.

पावसाळ्यात शक्यतो नेऊ नका. न्यावंच लागलं तर बाहेरून प्लॅस्टिक घाला, पण पोचल्यावर लगेच काढा. आत कोंडलेल्या दमटपणाने बुरशी धरते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते.

दोन-अडीच फुटांपर्यंतचं काम दुपारच्या वेळी लोकलच्या मालडब्यातून जातं. त्याहून मोठ्याला छोटा टेम्पो करा, आणि आधी गॅलरीला जिन्याची रुंदी आणि लिफ्टच्या दाराचं माप विचारा. फोर्टातल्या जाळीच्या लिफ्टसमोर पाच फुटी कॅनव्हास धरून उभं राहण्यात मजा नसते.

९. पोचवण्याचा दिवस

काम गॅलरीवाल्यांच्या समोरच उघडा. यादी हातात, एकेक क्रमांक वाचा, पुढून-मागून फोटो काढा, आधीचा ओरखडा असेल तर तोही चलनावर लिहा. मग शिक्का आणि सही. "उद्या करते, आज गर्दी आहे" म्हटलं तर बसून राहा. हे काम वीस मिनिटांचं आहे.

१०. विक्री, हिशेब, परत

दर महिन्याला एक ओळ पाठवा: "२, ५, ७ तुमच्याकडे आहेत ना?" उत्तर लेखी असू द्या. विक्री झाली की हिशेबात विक्रीची किंमत, सूट, कमिशन, कर आणि तुमची रक्कम वेगवेगळी हवी. एकच गोळाबेरीज आली तर तपशील मागा. अस्सलतेचं प्रमाणपत्र पैसे जमा झाल्यावर द्या, आधी सही करून गठ्ठा ठेवू नका. असा गठ्ठा कुठे कुठे जातो ते मी इथे लिहीत नाही.

मुदत संपायच्या दोन आठवडे आधी कळवून काम घ्यायला जा. न विकलेलं काम "असू दे अजून" म्हणून राहिलं की ते भिंतीवरून माळ्यावर जातं आणि माळ्यावर ओल असते. ठेवायचंच ठरलं तर नवी तारीख घालून नवं चलन करा. परत घेताना पुन्हा समोर उघडा, पोचवलेल्या दिवसाच्या फोटोंशी ताडा, फ्रेम गॅलरीने घातली असेल तर ती कुणाची ते तिथेच ठरवा, आणि चलनाच्या दोन्ही प्रतींवर "परत मिळाले" लिहून तारीख घाला.